'शे' हा 'आहे'चा अपभ्रंश नव्हे

अमळनेरच्या एक वाचक भगिनी गावोगावी ऐकलेले अहिराणी, म्हणजे खानदेशातल्या बोलीचे, शब्द संगणकावरच्या कोशात नोंदवीत आहेत. 'शे' (आहे), 'शेतस' (आहेत), 'व्हता' (होता), 'उना' (आला), 'गया' (गेला) या प्रत्येकाला स्वतंत्र नोंद द्यावी की 'असणे', 'येणे', 'जाणे' यांच्याखाली ही रूपे लिहावीत, असे त्यांनी विचारले आहे. सोबत कोष्टकाचा नमुनाही पाठवला आहे. त्यातील एका रकान्याचे शीर्षक 'मूळ मराठी शब्द' असे असून 'शे'समोर 'आहेचा अपभ्रंश' असे लिहिलेले आहे. मी प्रथम या रकान्याविषयीच बोलणार आहे, कारण अहिराणीचा विषय निघाला की 'अपभ्रंश' हा शब्द हटकून कानावर येतो आणि दर वेळी तो चुकीचाच वापरलेला असतो.

संस्कृत व्याकरणकार पतंजलीने 'गौः' (गाय) या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अपभ्रंश दिले, तेव्हा त्याला संस्कृतेतर रूपे अभिप्रेत होती. पुढे दंडीने 'काव्यादर्श' या आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात सांगितले की काव्यामध्ये आभीर (अहीर) आदी लोकांच्या वाणीला अपभ्रंश म्हणतात. अहिराणी हे नाव या आभीरांवरूनच आले आहे. दंडी हा मराठीचे पहिले शिलालेख कोरले जाण्याच्या काही शतके आधीचा आहे. मग ज्यांच्या बोलीला तेव्हाच हे नाव मिळाले होते, त्यांचे नाव सांगणारी अहिराणी मराठी बिघडून झाली, असे कोणत्या आधाराने म्हणायचे?

आता 'शे' पाहा. प्राकृतात 'आहे' या अर्थी 'अच्छइ' असे रूप होते. गुजरातीचे 'छे' आणि बंगालीचे 'आछे' ही त्याचीच संतती आहे. प्राकृतातल्या 'छ'चा मराठीत 'स' होतो: मच्छ म्हणजे मासा, कच्छपाचा कासव, छुरीची सुरी, आणि प्राकृत 'छ' म्हणजे आपले सहा. पुढे 'ए' असला की मात्र त्या जागी 'श' येतो: क्षेत्र, छेत्त, शेत, तशीच शेळी. याच वाटेने 'छे'पासून निघालात तर तुम्ही थेट 'शे'वर पोहोचता. ज्या वाटेने शेत आले, त्याच वाटेने 'शे' आला. खानदेशातला शेतकरी 'वावर मन्हं शे' (शेत माझे आहे) म्हणतो, तेव्हा त्या 'शे'मध्ये आणि पुण्याच्या 'शेता'मध्ये एकच ध्वनिनियम काम करीत असतो. हे मला प्रथम लक्षात आले, त्या दिवशी मी दुसरे काही काम करू शकलो नाही.

'शे' हा 'असे'मधील 'अ' गळून झाला, असे काही जाणकार सांगतात. ते मला मान्य नाही. 'असे'मध्ये 'ए'च्या आधी 'स' टिकून आहे. नुसता 'अ' गळला असता तर 'से' उरले असते. भारतातील भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाशीही माझा वाद आहे. १९०७ साली निघालेल्या त्याच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ल भाषांच्या पंक्तीत, गुजरातीच्या बाजूला बसवले आहे. 'छ'चा 'स' करण्याची सवय भिलीतही आहे, हे मी नाकारत नाही. परंतु धातू गुजरातीच्या गोतातला असला आणि त्याचा उच्चार मराठीच्या नियमाने घडला असला, तर त्या बोलीला एकाच घरी नेऊन बसवणे हे मला घाईचे वाटते.

भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे. 'शे' ही स्वतंत्र मुख्य नोंद असावी. 'शेतस'ला वेगळी नोंद नको. 'करतस', 'जातस' यांत दिसणारा '-तस' त्यातही आहे, म्हणून ते 'शे'च्या रूपांत लिहावे. 'उना' आणि 'गया' यांची गोष्ट निराळी आहे. 'ये'वरून 'उना' आणि 'जा'वरून 'गया' कोणत्याही नियमाने बांधता येत नाही. 'गया' तर संस्कृत 'गत'पासून आलेला आहे आणि 'जा' हा 'याति'पासून. कोश घेऊन बसलेला परगावचा माणूस बस स्थानकावर 'मामा उना का?' ऐकेल, तेव्हा तो 'उ'खालीच शोधणार. म्हणून अशा रूपाला छोटी नोंद द्यावी, त्यात अर्थ पुन्हा लिहू नये, फक्त 'ये'कडे किंवा 'जा'कडे दुवा द्यावा. 'व्हता'लाही अशीच छोटी नोंद देऊन ती 'शे'ला जोडावी. फील्डवर्क्ससारख्या संगणकावरील कोशप्रणालीत अनियमित रूप म्हणून अशी जोडणी करण्याची सोय आहे. तिथे शब्दाचे मूळ रूप आणि कोशात छापायचे रूप यांचे रकानेही वेगळे असतात, तेव्हा क्रियापदाला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाप्रमाणे '-णे' लावून ठेवण्याची सक्ती राहत नाही. अहिराणीत 'ण' नाही. 'येणे' हा शीर्षशब्द तिथे कोणीच उच्चारत नाही.

अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येत असल्याने 'काया' म्हणजे काळा आणि 'काया' म्हणजे शरीर हे दोन शब्द एकाच अक्षरांत लिहिले जातील. त्यांना १ आणि २ असे आकडे देऊन दोन मुख्य नोंदी कराव्यात. 'मना' आणि 'मन्हा' (माझा) ही मात्र एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. ती एका नोंदीत ठेवून प्रत्येकापुढे ते कोणत्या गावी ऐकले, ते लिहावे. 'मूळ मराठी शब्द' हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी 'मराठी अर्थ' असे शीर्षक द्यावे.