कॅमेरा खाली का ठेवत नाहीत?

मागच्या अंकात एका वाचकाने ‘कमी पैशात केलेला, पण खरोखर घाबरवणारा सिनेमा सांगा’ असं विचारलं होतं. मी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हे नाव सांगून मोकळा झालो. १९९९चा अमेरिकी सिनेमा आहे. तीन विद्यार्थी जंगलातल्या एका चेटकिणीवर माहितीपट करायला जातात आणि परत येत नाहीत. वर्षभराने त्यांनी काढलेलं चित्रण तेवढं सापडतं, आणि जे सापडलं तोच सिनेमा. ह्या प्रकाराला फाउंड फूटेज म्हणतात. निम्म्या पत्रांत मी फसवल्याची तक्रार आहे, उरलेल्या निम्म्यांना झोप लागत नाहीये. मधलं कुणी नाही. म्हणून हा महिना त्यांचाच. शेवट सांगितल्याशिवाय काही उत्तरं देता येणार नाहीत, तेव्हा ज्यांना पाहायचाय त्यांनी पान उलटावं.

संपेपर्यंत वाट बघितली. चेटकीण कुठाय? तीन पोरं ८१ मिनिटं जंगलात भांडतात, शेवटी एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि खेळ खलास. तुम्ही तरी हा सिनेमा पाहिलाय का? — एक वाचक, सांगली

पाहिलाय, तीनदा. पहिल्यांदा २००१ साली, कराडला आमच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या खोलीत, भाड्याने आणलेल्या सीडीवर. माझा भागीदार अर्ध्यावर वडापाव आणतो म्हणून उठला तो त्या रात्री परत आलाच नाही. त्याचं मत तुमच्यासारखंच. माझंही त्या रात्री फार वेगळं नव्हतं.

अमेरिकेतही असंच झालं होतं. तिथे सिनेमा लागतो त्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेतात, सिनेमास्कोर म्हणतात त्याला. ह्या सिनेमाला मिळाली सी प्लस, म्हणजे काठावर पास. समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी मात्र डोक्यावर घेतला. रॉजर इबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले.

आता ती भिंत. सुरुवातीला पोरं गावातल्या लोकांना बोलतं करतात ना, तिथे एक जण सांगतो की १९४०च्या सुमारास एका माणसाने लहान मुलांना मारलं. दोघांना बरोबर न्यायचा, एकाला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करायचा आणि दुसऱ्याला मारायचा. मुलांची नजर त्याला सहन होत नसे. हे एवढंसं बोलणं सुरुवातीच्या गडबडीत निघून जातं. त्या वेळी तुम्ही चहा टाकायला उठला असाल तर शेवट हातातून गेला.

आणि चेटकीण दिसली असती तर आवडली असती? मला शंका आहे. आमची आजी सांगायची, ओढ्याच्या वळणावर रात्री मागून कुणीतरी तंबाखू मागतं, वळून बघायचं नाही. कोण मागतं ते तिनं कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या वळणावर मी अजून गाडीचा वेग वाढवतो, आणि तिथे आता पेट्रोल पंप आहे.

काका, एवढं सगळं होत असताना ती मुलगी कॅमेरा खाली का ठेवत नाही? जीव वाचवायचा सोडून शूटिंग? मला हे पटतच नाही. — पुण्याची एक विद्यार्थिनी

हाच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. जरा सविस्तर सांगतो, कारण ह्या एका बाबतीत मला अनुभव आहे.

मी बावीस वर्षं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग केलं. १९९७चा मे महिना होता, पाटण तालुक्यातलं एक गाव, गोरज मुहूर्त. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका तिसरी चालू होती आणि वळीव आला. पाऊस नंतर, आधी वारा. मांडवाचं कापड फुगलं, एका बाजूचे डांब उपटले, पत्रे उडाले. सनगन धरणारा पोरगा लाइट टाकून पळाला. लोक ओरडत घरांकडे धावत होते. आणि मी खांद्यावर कॅमेरा घेऊन जागच्या जागी उभा, शूटिंग चालू.

शौर्य नव्हतं ते. त्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर काळा-पांढरा, आगपेटीएवढा. डोळा त्याला लावला की सगळं लहान होतं आणि लांब जातं. पडणारा मांडव मला कुणा तिसऱ्याच गावातला, टीव्हीवरच्या बातम्यांतला वाटत होता. फ्रेम नीट आहे ना, फोकस जातोय का, एवढंच डोक्यात. नवरीच्या मामांनी माझा दंड धरून हिसडा दिला तरी मी त्यांच्या हातावर झूम केला! मग बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला आणि कॅमेरा बंद पडला. डोळा बाजूला घेतला आणि त्या क्षणी माझे गुडघे लटपटायला लागले. तोवर भीती नव्हती.

सुदैवाने कुणाला फार लागलं नाही. पण खरी गोष्ट नंतर मिक्सिंगला बसलो तेव्हा कळली. त्या सगळ्या चित्रणावर एक आवाज होता, अगदी माइकच्या जवळ, न थांबता: ‘आई गं, आई गं, आई गं.’ भागीदार म्हणाला, कोण बाई आहे रे ही? मी होतो. मला आजही आठवत नाही मी तोंड उघडल्याचं.

सिनेमात तिघांपैकी जोश त्या मुलीला, हेदरला, साधारण असं म्हणतो की तुला हा कॅमेरा का आवडतो ते मला आता कळलं, ह्यातून बघितलं की समोरचं तितकंसं खरं वाटत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं आणि मी सीडी थांबवली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तिने कॅमेरा खाली ठेवला असता तर ती खरोखर त्या जंगलात असती.

मला खटकतं ते वेगळंच. बॅटऱ्या! तिच्या हातात हाय-एट, म्हणजे कॅसेटवरचा व्हिडिओ कॅमेरा आहे, दुसऱ्याकडे सोळा एमएमचा फिल्म कॅमेरा. इतके दिवस जंगलात चार्जिंगशिवाय? आम्ही लग्नाला चार बॅटऱ्या न्यायचो आणि पंगती उठेपर्यंत चारही मान टाकायच्या.

मला भीती नाही वाटली, मळमळलं. अर्ध्यातून उठून बेसिनकडे पळालो. हा सिनेमाचा दोष की माझा? — एक वाचक, नाशिक

दोघांचाही नाही. डोळे मेंदूला सांगतात आपण धावतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय. घाटात एसटीत पुस्तक वाचल्यावर होतं तेच, फक्त उलट बाजूने. १९९९मध्येही थिएटरात लोकांना उलट्या झाल्याच्या बातम्या होत्या. लहान पडद्यावर, लांब बसून, खोलीत दिवा ठेवून पाहा. दिवा ठेवल्याने भीती निम्मी होईल, ते मात्र सोसावं लागेल.

आम्ही मेरीलँडमध्ये गेदर्सबर्गला १९९८पासून राहतो. सिनेमा लागला तेव्हा माझ्या ऑफिसात दोघी जणी शपथेवर सांगत होत्या की ही मुलं खरंच हरवली. मीही रडत पाहिला. पुढे कळलं की शूटिंग आमच्या घराशेजारच्या सेनेका क्रीक पार्कात झालं, जिथे आम्ही रविवारी तळ्यावर डबे घेऊन जातो. तिथे कुणी हरवतं का हो? फसवलं गेल्याचा राग अजून आहे. — एक वाचक भगिनी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या तळ्याकाठचा डबा डोळ्यांसमोर येतो आणि सिनेमाच बदलून जातो.

राग रास्त आहे. कथा घडते ती बर्किट्सव्हिल गावाजवळ. ते गाव खरं, चेटकीण डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ ह्या दोघा दिग्दर्शकांनी रचलेली. नटांनी स्वतःचीच नावं वापरली. वेबसाइटवर खोटे पोलिसी कागद टाकले, ‘बेपत्ता’ म्हणून पत्रकं वाटली, प्रसिद्धीच्या वेळी तिघांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असं लागलं होतं. हेदर डोनाह्यूच्या आईला सांत्वनाची कार्डं आली. सांत्वनाचं कार्ड हातात घेऊन ती बाई मुलीला फोन लावत असेल, तो प्रसंग मला सबंध सिनेमापेक्षा भयंकर वाटतो. तुमच्यासारख्यांनी पाहिला तो सिनेमा आणि आम्ही दोन वर्षांनी ‘खोटं आहे रे ते’ हे ऐकून पाहिला तो सिनेमा, हे दोन वेगळे सिनेमे आहेत. सांगलीचे वाचक आणि तुम्ही एकमेकांशी भांडलात तरी दोघंही बरोबर असाल.

हरवण्याबद्दल. पोरं दिवसभर दक्षिणेला चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्याशी येतात. अमेरिकी प्रेक्षकाला ते नवल वाटलं असेल, आपल्याकडे त्याला शब्दच आहे: चकवा. आमच्या गावात चकवा लागलेल्या माणसाला शिवारातल्या एकाच बांधावर रात्रभर फिरताना पाहिलेले लोक आहेत, निदान पाहिलं असं सांगणारे आहेत. २००९ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली, तो झाकला की गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि त्यांना ते कळलंही नाही. आता सिनेमातल्या पोरांकडे होकायंत्र होतं, हेही खरं. तिथे चकवाच मानायचा.

आम्ही चौघं मित्र असाच भुताचा सिनेमा काढणार आहोत. बजेट पन्नास हजार. मोबाइलवर शूट, कॅमेरा जोरजोरात हलवायचा असं ठरलंय. काही टिप्स? — बार्शी

पोरांनो, कॅमेरा हलवू नका. हलणारा कॅमेरा आणि हलवलेला कॅमेरा ह्यांतला फरक लहान पोरालाही कळतो. त्या सिनेमात कॅमेरा हलतो कारण नट स्वतःच शूटिंग करत होते आणि ते थकलेले होते. ऑक्टोबर १९९७मध्ये आठ दिवस ते जंगलात राहिले. पानभर संवाद कुणी लिहून दिले नव्हते, गोष्टीचा आराखडा तेवढा होता. आज कुठे पोचायचं ते जीपीएसवर, आणि आज तू काय करायचंस हे प्रत्येकाला वेगळ्या चिठ्ठीत. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने बघायची नाही. जेवण दिवसागणिक कमी केलं. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारातून येऊन तंबू हलवायची. भांडणं खरी वाटतात कारण पोटात अन्न नव्हतं. (तुम्ही कुणाला उपाशी ठेवू नका. चहा-पोहे द्या आणि पहाटे साडेतीनला शूटिंग लावा, तेवढं पुरतं.)

वीसेक तास चित्रण झालं आणि त्यातून ८१ मिनिटं काढायला महिनोन्महिने लागले. तुमच्या पन्नास हजारांतले निम्मे आवाजावर घाला. लांबून काटकी मोडल्याचा आवाज नीट ऐकू आला तर भुताच्या मेकअपचे पैसे वाचतात.

पैशाचं सांगतो, कारण तुमच्या पत्राच्या खाली ते बारीक अक्षरात विचारलंय. चित्रणाचा खर्च काही हजार डॉलर, फार तर साठ हजार. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तो सुमारे ११ लाख डॉलरना विकला गेला आणि जगभर गल्ला जमला जवळजवळ २४ कोटी ८० लाख डॉलर. ह्यातलं तिघा नटांच्या वाट्याला फारच थोडं आलं. २०२४मध्ये, पंचवीस वर्षांनी, त्यांनी जाहीर पत्र लिहून हक्क असलेल्या कंपनीकडे आपला वाटा मागितला. तेव्हा चौघांत कोण किती घेणार ते आजच कागदावर लिहा आणि सह्या करा. आमच्या भागीदारीत आम्ही ते केलं नव्हतं. वडापावचे पैसे अजून येणं आहेत.

त्या हेदरचा किंचाळण्याचा कंटाळा आला. तिला म्हणे त्या वर्षीची सगळ्यात वाईट अभिनेत्री ठरवलं होतं. योग्यच केलं! — एक वाचक, फोंडा, गोवा

ठरवलं होतं, रॅझी नावाचा चेष्टेचा पुरस्कार असतो तो. मला ते तेव्हाही आवडलं नाही. जी बाई स्वतः कॅमेरा धरून, स्वतःच बोलणं रचत, रात्री दोन वाजता थंडीत पळतेय, तिला ‘अभिनय नीट कर’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? हेदर डोमकावळ्यासारखी ओरडते, हट्टी आहे, नकाशावरून मुलांना वेडं करते, हे सगळं मान्य. तिच्या जागी मुलगा असता तर आपण त्याला ‘जिद्दी दिग्दर्शक’ म्हटलं असतं.

आणि तो प्रसिद्ध प्रसंग बघा, रात्री तंबूत ती कॅमेरा स्वतःकडे वळवून सगळ्यांच्या आयांची माफी मागते. अर्धा चेहरा फ्रेमच्या बाहेर, एक डोळा, वाहणारं नाक, वर नुसती टोपी. तिला पूर्ण चेहरा घ्यायचा होता, अंधारात झूम किती झालाय ते कळलं नाही. राहिलं ते तसंच ठेवलं, आणि पुढे तेच पोस्टरवर गेलं. लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीचा असा क्लोजअप मी दिला असता तर उरलेले पैसे बुडालेच म्हणून समजा.