दाबोळी, मोपा आणि सकाळचा स्लॉट

गोव्याच्या दाबोळी विमानतळाहून सकाळचं तिकीट काढलं, कंपनीने वेळ दुपारची केली, मुंबईहून पुढचं विमान चुकणार. गोव्याचंच दुसरं विमानतळ, मोपा, धरलं असतं तर वाचलो असतो का, असं तुम्ही विचारलंय. २०२३ साली हेच आमच्या गळ्यात पडलं होतं.

दाबोळी मुळात नौदलाचा तळ. कामाच्या दिवशी सकाळी साधारण साडेआठ ते एकची वेळ त्यांच्या सरावाला, म्हणून नागरी विमानांचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, त्याच्या आगेमागे कोंबलेले. मोपाला ती अट नाही. कागदावर मोपाच सरस. पण विमानाला स्लॉट दोन्ही टोकांना लागतो हो! मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. तिथे सकाळी जागा नसेल तर मोपाची मोकळी धावपट्टी काय चाटायची?

माझी घोडचूक वेगळीच. नोव्हेंबरची तिकिटं ऑगस्टातच काढली. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागतं, तोवर दिसणाऱ्या वेळा बदलू शकतात, हे डोक्यातच आलं नाही. त्यात मुंबई-मस्कत दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंगवर. का, तर स्वस्त पडलं!

वेळ बदलल्यावर कंपनीच्या कार्यालयात गेलो. "स्लॉट विमानतळ देतं, तिकडे विचारा." विमानतळावर उत्तर, "वेळ कंपनी मागते." तीन हेलपाटे, लेखी एक ओळ नाही. समोरचा माणूस मान वर करून बघतही नव्हता. अजून आठवलं की डोकं तापतं. पहिल्या तिकिटाचे पैसे आले, मस्कतची तीन तिकिटं बुडाली.

तेव्हा माझ्या मते विमानतळापेक्षा एकच पीएनआर महत्त्वाचा, चार पैसे जास्त गेले तरी. दुसरं म्हणजे, मागच्या हिवाळ्यात त्याच वेळेला तेच विमान उडत होतं का बघा. हंगामातले ८० टक्के स्लॉट वापरले की पुढच्या वर्षी त्याच हंगामात ते कंपनीकडेच राहतात, त्यामुळे जुनी वेळ टिकायची शक्यता बरी. हमी नाही, मी काही या खात्यातला माणूस नव्हे. आणि दाबोळीला नौदलाचा शब्द शेवटचा.

तुमचं बुकिंग एकाच पीएनआरवर असेल तर आजच फोन करून पुढचं विमानही बदलून मागा. वेगवेगळं असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबई गाठा. सावंतवाडी-बांद्याकडचे असाल तर मोपाच घ्या, दाबोळीपर्यंतचं टॅक्सीभाडं तरी वाचेल.