गुडघा मस्त वाटतोय, मग खेळू का?

प्रश्न : फुटबॉल खेळताना पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग वळलं, गुडघ्यात कट्ट आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण फाटलंय. सर्जन म्हणतात ऑपरेशन करा, फिजिओ म्हणतो जरा थांबा. आणि फाटलेलं शिवत नाहीत, दुसरीकडचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून बसवतात म्हणे?

उत्तर : हो, बहुतेक वेळा तसंच करतात. हे लिगामेंट सांध्याच्या आत, तिथल्या द्रवात असतं, त्यामुळे फाटलेल्या टोकांमध्ये रक्त गोठून टिकत नाही आणि जखम सहसा धड जुळत नाही. मग दुर्बिणीतून मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडायचे, त्यातून टेंडन ओवायचं आणि स्क्रूने किंवा छोट्या बटणाने पक्कं करायचं.

घाई मात्र नको. आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, नाहीतर नंतर आखडतो. स्वीडनमधल्या १२१ तरुण खेळकर लोकांच्या अभ्यासात (२०१०) निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना आधी फक्त व्यायाम दिला, दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच निघाले, आणि व्यायामवाल्यांपैकी साधारण ४० टक्क्यांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे फिजिओ काही उगाच बोलत नाहीये. पण चालताना, वळताना गुडघा सारखा निसटत असेल तर थांबू नका, दर निसटण्याला आतली गादी फाटायची भीती असते.

प्रश्न : टेंडन जिथून काढतात ती जागा कमजोर नाही का होत?

उत्तर : थोडी होते, फुकट काहीच नाही. मांडीमागचं हॅमस्ट्रिंग घेतलं तर पाय पूर्ण दुमडताना जोर कमी पडतो. वाटीखालच्या टेंडनचा मधला भाग घेतला तर तो दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट येतो, हाडाला हाड लवकर धरतं, पण पुढे गुडघ्यावर बसताना दुखू शकतं. ज्यांचं काम किंवा बसणं-उठणं गुडघे टेकून असतं त्यांनी हे सर्जनला आधीच सांगावं. मृत दात्याचं टेंडनही वापरतात, पण तरुण खेळाडूंमध्ये ते जास्त वेळा तुटतं.

प्रश्न : ऑपरेशनला तीन महिने झाले. दुखत नाही, सूज नाही, जिनाही चढतो. मॅच खेळू का?

उत्तर : नाही! अगदी स्पष्ट नाही. दुखणं थांबलं म्हणजे ग्राफ्ट, म्हणजे ते बसवलेलं टेंडन, तयार झाला असं नसतं, उलट याच काळात तो नाजूक असतो. टेंडन मूळ जागेवरून काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या जुन्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात आणि लिगामेंटसारखी घडण व्हायला लागते, आणि हे सगळं चालू असताना ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा असतो, म्हणजे तुमचा गुडघा खूश आणि आतली दोरी अर्धवट वळलेली. २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला तितकी पुन्हा दुखापत कमी दिसली, दर महिन्याला जवळपास निम्मी.

आणि नऊ महिने नुसते बसून काढायचे नाहीत हं. मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर पटकन वाळतो, दोन्ही मांड्यांना टेप लावून बघा, फरक दिसेल. त्याची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर उडी मारून मोजतात, चांगल्या पायावर १५० सेंटीमीटर जात असाल तर ऑपरेशनच्या पायावर १३५ तरी यायला हवी, आणि उतरताना गुडघा आत वळता कामा नये, माझ्या मते उडी किती लांब गेली यापेक्षा हे बघणं जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : टाक्यांच्या बाजूला नडगीवरची कातडी बधिर आहे, नस कापली का?

उत्तर : कातडीची एक बारीक नस तिथून जाते, तिला धक्का लागतो. हे बऱ्याच जणांना होतं, पायाची ताकद जात नाही, बधिर भाग सहसा महिन्यामहिन्याने लहान होतो, कधी थोडासा राहूनही जातो. पण पोटरी सुजून दुखत असेल, ताप असेल किंवा टाक्यातून पाणी येत असेल तर आम्हाला पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा.