एआर चष्म्यातून पंचनामा, आपल्या शिवारात जमेल का?

प्रश्न : ताई, माझी पोरगी फॉरेन्सिक सायन्सला आहे संभाजीनगरला. ती म्हणायली की पुढं पोलीस एआर चष्मा (समोरच्या खऱ्या दृश्यावर कॉम्प्युटरची चित्रं दाखवणारा) घालून घटनास्थळावर जातील आणि लांब बसलेला तज्ज्ञ त्यांना तिथल्या तिथं खुणा करून दाखवील. हे आपल्या परभणी-हिंगोलीकडं खरंच कामाला येईल का?
– एक पालक, जिंतूर

उत्तर : दादा, पोरगी बरोबर सांगायली. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठानं तिथल्या फॉरेन्सिक इन्स्टिट्यूटसोबत हे करून पाहिलंय, जागेवरचा माणूस जे बघतो तेच तज्ज्ञाला ऑफिसात दिसतं आणि त्यानं केलेली खूण चष्म्यातून थेट त्या वस्तूवर दिसते. मला वाटतं आपल्याला याची गरज जास्तच आहे, कारण १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचंय (राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे), आणि आडगावच्या शेतात रात्री खून झाला तर तज्ज्ञ येईपर्यंत तिथं निम्मं गाव जमा होतं, पायाचे ठसे कुठले राहतात मग!

पण चष्मा नीट वापरता आला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या एआर चष्म्याचं वजन ५६६ ग्रॅम, बॅटरी दोन-तीन तास, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात त्यातली चित्रं फिकी पडतात. कमांड हाताच्या इशाऱ्यानं द्यायच्या आणि हातात तर पुरावे गोळा करायचे ग्लोव्हज. रेंज गेली की तज्ज्ञही गेला. त्यात मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये त्याचं उत्पादनच बंद केलं, म्हणून एकाच कंपनीच्या यंत्रावर सगळी भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. अजून एक, तज्ज्ञानं एका जागी खूण केली की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते, बाजूला पडलेलं बटण राहून जातं, याची मला जास्त काळजी वाटते.

आणि कोर्ट! जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल खटला झाला, त्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरले का हे व्हिडिओवरून ठरवायचं होतं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट (तो कुठल्या यंत्रातून कसा घेतला याचा दाखला) लागणारच. नव्या साक्ष कायद्यातही कलम ६३ मध्ये ते आहे, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलीत फेरफार झाला तर बदलणारा तिचा आकडा). म्हणून चष्म्यातलं कोरं रेकॉर्डिंग वेगळं आणि खुणा केलेलं वेगळं ठेवलं पाहिजे, नाहीतर बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार की ही खूण जागेवर होती का तुम्ही काढली.

पोरीला प्रोजेक्ट करायचा असेल तर हाच घ्यायला सांगा, ग्लोव्हज घालून, भर उन्हात, रेंज नसलेल्या शिवारात, आणि शेजारी मोजायची टेप आणि कॅमेरा घेऊन नेहमीसारखा पंचनामा करणारा माणूस उभा करून, कोणाचं काय सुटलं ते तिनं लिहून काढावं.