छत पडलं, मग परत खाली का जायचं?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर): माझे मेव्हणे वणीकडच्या कोळसा खाणीत भूमिगत कामाला आहेत. गेल्या महिन्यात छत कोसळून सोबतचे दोघे जखमी झाले. आता पुन्हा उतरायला बोलावलंय. जावं का?

उत्तर: बहुतेक जण परततात, घर त्या पगारावर चालतं. धाडसाचा प्रश्नच नाही. त्यांनी एवढंच विचारावं : पडलेल्या जागेच्या पुढेमागे छत पुन्हा तपासलं का? आधार दिलेल्या छताखाली उभं राहून लांब सळईने ठोकतात, दुसरा हात छताला लावून. खणखणीत आवाज आला तर खडकाचा थर घट्ट. बद्द आवाज आला किंवा हाताला थरथर जाणवली तर थर सुटलाय. तो आधी पाडायचा, मग बोल्ट, म्हणजे छताचे थर धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळया, मारायचे. घाईत उलटं होतं, आणि सुटलेला थर बोल्टसकट खाली येतो.

छत पडून झालेल्या पोकळीत मिथेन हा जळणारा वायू साठतो, हवेपेक्षा हलका म्हणून. तिथे वायू मोजणारं मापक उंच धरूनच बघावं. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगीने स्फोट होतो.

झोप उडाली असेल, हात कापत असतील, तर डॉक्टरांना दाखवून काही दिवस पृष्ठभागावरचं काम मागावं. त्यात कमीपणा कसला?