लेक धडगावला, कोर्स ४५ हजारांचा

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. गेल्या वर्षापासून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमची पारोळा तालुक्यात कापसाची शेती. ती फोनवर रडते. म्हणते, लोक येतात, मान हलवतात, गोळ्या घेऊन जातात आणि पुढच्या वेळी तेच दुखणं घेऊन परत येतात; गोळ्या घरी तशाच. पावरी, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींची बोली, तिला येत नाही. आता एका क्लासवाल्याने 'कल्चरल कॉम्पिटन्स'चं सर्टिफिकेट ४५ हजारांत सांगितलं आहे. ते असल्याशिवाय परदेशात नर्सला घेत नाहीत, असं तो म्हणतो. खरं आहे का? आणि तिने धडगावला राहावं की सोडावं?

उत्तर :

नाना, रामराम.

आधी पैशाचं बोलू, कारण क्लासवाल्याने 'या आठवड्यात भरले तर सवलत' असं काहीतरी सांगितलेलं असणारच. ४५ हजार भरू नका. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि शेवटी ओस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीत जर्मन भाषा आणि पदवीची मान्यता. यात खासगी क्लासचं असलं सर्टिफिकेट कोणी मागत नाही. न्यूझीलंडमध्ये तिथल्या लोकसंस्कृतीबद्दलचा अभ्यास बाहेरून आलेल्या नर्सला करावा लागतो खरा, पण तो तिथली नर्सिंग कौन्सिल स्वतःच ऑनलाइन आणि फुकट देते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २००५ साली असं प्रशिक्षण कायद्याने सक्तीचं केलं, ते डॉक्टरांसाठी. क्लासवाल्याने यातलंच काहीतरी अर्धवट ऐकलं असावं. किंवा पूर्ण ऐकून अर्धवट सांगितलं असावं, धंदा आहे.

'कल्चरल कॉम्पिटन्स' हा विषय मात्र खरा आहे आणि तुमच्या लेकीच्या रडण्याचं कारण त्यातच आहे. पेशंटची भाषा, घर, खाणंपिणं, देवधर्म, कामधंदा समजून घेऊन उपचार करणं, एवढाच त्याचा अर्थ. तिने मॅडेलिन लेनिंगर हे नाव परीक्षेसाठी पाठ केलेलं असेल. या अमेरिकन नर्सबाई १९५० च्या दशकात मानसिक त्रास असलेल्या मुलांमध्ये काम करत होत्या. सगळ्यांची काळजी सारखीच घेतली तरी वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना ती सारखी लागू पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी मानववंशशास्त्रात पीएच.डी. केली, त्यासाठी न्यू गिनीतल्या गडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या. आपल्याकडे लेनिंगरबाई मार्कांपुरत्या शिकवतात आणि मुलीला थेट सातपुड्यात पाठवतात.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील म्हणजे 'मान हलवतात'. डोंगर उतरून चालत आलेली बाई, समोर खुर्चीवर शिकलेली मुलगी, भराभर मराठी, मागे रांग. ती 'हो' म्हणणारच. आपण पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात काय करतो, नाना? 'पोटमा दुखस' म्हणावं तर समोरचा हसतो, म्हणून निम्मं गिळतो आणि 'बरं साहेब' म्हणत बाहेर येतो. बाहेर आल्यावर मेडिकलवाल्याला विचारतो, ही गोळी कधी घ्यायची. धडगावच्या पाड्यावरच्या बाईला तो मेडिकलवालाही नाही.

म्हणून लेकीला सांगा, 'समजलं का?' हा प्रश्न आजपासून बंद. त्याऐवजी, 'घरी गेल्यावर सासूला काय सांगशील, ते मला सांग.' बाईने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की कुठे घोटाळा झाला ते तिथल्या तिथे कळतं. ज्या घरी दिवसात दोनदाच चूल पेटते तिथे 'तीन वेळा जेवणानंतर' या सूचनेने गोळ्या डब्यातच राहणार. कोणती गोळी उपाशीपोटी चालते आणि कोणती नाही हे तिला कॉलेजात शिकवलंय. त्या घरचा दिवस कसा जातो ते विचारून वेळ बसवायची.

दुसरं, आर्थर क्लाइनमन हे हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली पेशंटला विचारायचे काही साधे प्रश्न मांडले. तुम्हाला काय झालंय असं वाटतं? कशामुळे झालं? आत्ताच का झालं? सगळ्यात भीती कशाची वाटते? काय उपाय व्हावा असं वाटतं? हे प्रश्न पावरीत कसे विचारायचे ते गावातल्या आशाताईंकडून शिकून घ्यावं, आणि शिकताना त्यांना गुरू मानावं, हाताखालची बाई नव्हे. दुभाषा म्हणून शाळेतलं पोर उभं करू नये. पाळीचं, अंगावरून जाण्याचं दुखणं नवऱ्याच्या तोंडून तर अजिबात ऐकू नये. बडव्याकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे, गेला होतात का, हे रागावून विचारलं की लोक पुढच्या वेळी लपवतात, आणि न्यूमोनियाच्या बाळाचे दोन दिवस त्या लपवण्यात जातात. रागावायचं नाही याचा अर्थ सगळं चालवून घ्यायचं असा नाही. बाळाच्या पोटावर डाम देणं ही इजाच आहे, ती थांबवायची. पण डाम देणारी आई बाळाला वाचवायलाच धडपडत होती, हे धरून बोललं तर ती पुढच्या आजारपणात आधी उपकेंद्रावर येते.

आता माझं एक मत, जे या विषयाच्या अनेक प्रशिक्षणांत ऐकायला मिळत नाही. रस्ता नसणं ही संस्कृती नव्हे. पेशंटला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं, दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब मजुरीला गुजरातेत उतरतं आणि होळीला परततं, म्हणून औषध मध्येच सुटतं. याला 'आदिवासींची मानसिकता' म्हणणं म्हणजे सरकारचं काम लोकांच्या माथी मारणं. त्यावरचा उपाय वेगळा आहे: निघण्याआधी औषधांचा जास्तीचा साठा, तिकडच्या डॉक्टरला दाखवता येईल असा कागद, आणि कोण कधी निघणार याची आशाताईंकडे नोंद. हे तिच्या हातातलं काम आहे.

'पावरा लोक असे असतात' अशा याद्या पाठ करायलाही तिने जाऊ नये. एकट्या खानदेशात पाहा: शिरपूर, शहादा, धडगावकडे पावरा, यावल-रावेरकडे तडवी भिल्ल, ज्यांच्यात इस्लाम पाळणारे पुष्कळ, नवापूरकडे मावची, त्यात ख्रिस्ती घरंही आहेत. एका यादीत हे बसत नाही. अमेरिकेतल्या मेलनी टर्व्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया या दोघी डॉक्टरांनी १९९८ मध्ये हेच लिहिलं की दुसऱ्याच्या संस्कृतीत आपण 'पारंगत' होत नसतो, आपल्याला विचारत राहावं लागतं. न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी रॅम्सडेन त्याच्याही पुढे गेल्या: सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे सेवा घेणारा ठरवणार. आपल्याकडचं उदाहरण हवं तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचं. त्यांनी दवाखाना कसा हवा ते गोंड लोकांनाच विचारलं, म्हणून तो त्यांच्या गावासारखा, झोपड्यांच्या धर्तीवर बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं.

तुमच्या लेकीच्या कामात ही सगळी परीक्षा एकाच ठिकाणी होते, ती सिकलसेलच्या, म्हणजे आईवडिलांकडून बाळाकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. कागदावर काम सोपं: रक्त घ्या, रिपोर्ट द्या. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि हे लग्नाच्या मुलीच्या बापाला कसं सांगायचं? वाहक म्हणजे आजारी नव्हे, ती काम करू शकते, संसार करू शकते, हे आधी सांगायचं की टक्केवारी आधी? ओट्यावर सगळ्यांसमोर नाव पुकारून रिपोर्ट दिला तर ती पोरगी गावात 'सिकलवाली' म्हणून ओळखली जाते आणि पुढच्या शिबिराला तिच्या भाऊबंदांतलं कोणी येत नाही. रिपोर्ट एकेकट्याला, आडोशाला, आणि घरात निर्णय कोण घेतं ते त्या मुलीलाच विचारून. या कामात तुमची लेक तयार झाली तर तिच्याकडे असं काहीतरी असेल जे कुठल्याही क्लासात मिळत नाही.

मग राहावं की सोडावं? परदेशातच जायचं असेल तर स्पष्ट सांगतो, लवकर सोडावं. तिथली हॉस्पिटलं बहुतेक वेळा वॉर्डातला, खाटेजवळचा अनुभव बघतात. उपकेंद्रावरची वर्षं त्यात नीट धरली जात नाहीत. मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डात लागावं आणि ते ४५ हजार भाषेच्या तयारीला ठेवावेत.

पण परदेश ही तिची इच्छा आहे की तुमची आणि क्लासवाल्याची, हे पत्रातून कळत नाही. तिला विचारा. ती सार्वजनिक आरोग्यात रमणारी असेल तर माझं मत, आणखी दोनेक वर्षं राहावं. नोकरी कंत्राटी आहे, खरं. पण त्या अनुभवावर पुढे एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करता येते, मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणं. शिकवायची आवड असेल तर कम्युनिटी हेल्थमध्ये एम.एस्सी. नर्सिंग. बाळंतपणाच्या कामात जीव रमत असेल तर नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफरीचा १८ महिन्यांचा कोर्स. संशोधनाकडे ओढा असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जबलपूरची आदिवासी आरोग्य संस्था आणि मुंबईची रक्तविकारांवर काम करणारी संस्था यांच्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. अशा ठिकाणी पावरी बोलणारी, डोंगरात राहिलेली नर्स अर्जांच्या गठ्ठ्यात उठून दिसते.

त्यासाठी दोन कामं आत्ताच. पावरी शिकणं, रोज थोडं, चुकत, लोकांना हसू देत. आणि एक वही: कोणत्या पेशंटला काय सांगितलं, त्याने काय ऐकलं, पुढे काय झालं. पेशंटचं नाव वहीत लिहायचं नाही. विषयाचे शब्द आणि चौकट हवी असेल तर एखादा फुकट ऑनलाइन कोर्स पुरे. अमेरिकेच्या सरकारी कार्यालयानेही नर्सांसाठी असा कोर्स तयार करून मोफत दिला होता.

तुमच्याकडून एकच मागणं. ती फोनवर रडली की लगेच 'ये परत' म्हणू नका. आधी राहायची जागा, रात्रीची सोबत, मोबाइलची रेंज यांची चौकशी करा. तिथे खरंच अडचण असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यायला सांगा. सुरक्षित जागा मिळतच नसेल तर नोकरी सोडण्यात काहीच कमीपणा नाही, आणि वर लिहिलेलं सगळं दुसऱ्या तालुक्यातही करता येतं.

क्लासवाल्याचा फोन आला तर त्याला म्हणा, कोणत्या देशाच्या नर्सिंग कौन्सिलच्या नियमात हे सर्टिफिकेट लिहिलंय तो कागद व्हॉट्सॲपवर पाठव. आगाऊ रक्कम दिलेली असेल तर पावती जपून ठेवा आणि पैसे परत मागणारं पत्र आजच लिहून द्या.