वाचक विचारतात : मागावरच्या माणसाचं पोस्टर

प्रश्न : ताई नमस्कार, मी इचलकरंजीचा. बाबा बत्तीस वर्षं मागावर होते. आम्ही तिघा मित्रांनी मिळून यंत्रमाग कामगारांवर 40 मिनिटांचा माहितीपट केलाय, पहिला शो इथेच एका हॉलमध्ये लावायचाय. पोस्टरचे दोन ड्राफ्ट झालेत. एकात लाल आकाश, चिमणी आणि वर केलेली मूठ, दुसऱ्यात एका म्हाताऱ्या कामगाराचा सुरकुतलेला चेहरा, ब्लॅक अँड व्हाईट, डोळ्यात पाणी. मित्र म्हणतात दुसरं भारी आहे. बाबांना दोन्ही मोबाईलवर दाखवली तर ते काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून ठेवला आणि चहा मागितला. कुठलं घेऊ? आणि फोटोशॉपमध्ये मराठी टाईप केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडेच जाते, त्याचं काय करू?

उत्तर : माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूला ठेवा. बाबा गप्प बसले कारण बत्तीस वर्षं त्यांनी जे केलं ते त्यांना दोन्हीकडे कुठेच दिसलं नाही, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

आधी चिमणीचं बोलते. गिरणीची चिमणी म्हटलं की आपल्याला मुंबईचं लालबाग-परळ आठवतं, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप आठवतो, त्यात अडीच लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणी दिसलीच नाही. ती चिमणी त्यांची आहे. तुमच्याकडे चिमण्या आहेत त्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यातल्या बॉयलरच्या, माग चालतो तो गल्लीत, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि मुख्य म्हणजे तो आज पण चालू आहे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासूनचा हा धंदा, त्याला सूर्यास्ताचं आकाश कशाला? मुठीचं पण तेच, तुमच्या फिल्ममध्ये मोर्चा असेल, मजुरीवाढीचा लढा असेल तर ती खुशाल घ्या, पण नसेल तर बघणारा आत येऊन मोर्चा शोधत बसेल. आणि तो रडका म्हातारा शेतकऱ्याच्या फिल्मवर चालेल, वृद्धाश्रमाच्या पत्रकावर पण चालेल, मग तो मागवाला आहे हे कळणार कसं?

आता काय दाखवायचं. मागावरचा माणूस दिवसभर काय करतो ते डोळ्यासमोर आणा. चार-सहा माग एकटा बघतो, आडव्या धाग्याची कांडी संपली की धोट्यात, म्हणजे तो धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, नवी भरतो, धागा तुटला की माग थांबवून, वाकून, तेलानं काळ्या झालेल्या बोटांनी त्या शेकडो धाग्यातला तो एकच धागा शोधतो आणि गाठ मारतो. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये पांढरा धागा, नखात तेल, मनगटावरच्या केसांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले. माझ्या मते तुमचं पोस्टर हे आहे. गावातल्या कुठल्याही माणसाला लांबून कळेल की हे आपल्यातलं आहे, आणि बाहेरच्याला प्रश्न पडेल की हा माणूस करतोय काय, आणि तो प्रश्न पडला की माणूस तिकडे वळतोच.

हा फोटो फिल्ममधून फ्रेम काढून घेऊ नका. फुल एचडी फ्रेम म्हणजे 1920 बाय 1080 पिक्सेल, 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून छापली तर साडेसहा इंच पण भरत नाही. वेगळा स्टिल काढा. साध्या 12 मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो 150 डीपीआयला 20 बाय 26 इंचापर्यंत जातो, भिंतीवरच्या पोस्टरला तेवढं पुरतं. फक्त शेडमध्ये ट्यूबलाईट असते आणि आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर खूप फास्ट ठेवलं तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा प्रो मोडवर घ्या आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. पट्टे जातील, शिवाय शेजारच्या चालू मागावर धोटा मिनिटाला शंभरापेक्षा जास्त वेळा इकडून तिकडे जातो तो मागे पुसट रेघ होऊन येईल आणि गाठ मारणारा हात, जरा थांबलेला, तेवढा शार्प. शेडमधला तो खडखडाट, ज्यात माणसं ओठ बघून बोलतात, तो कागदावर आणायचा मला तरी याहून चांगला रस्ता माहीत नाही.

आणि माणसाला विचारा. नीट विचारा. खूप वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या फिल्मचं पोस्टर केलं होतं, त्यावर एका कामगाराचा चेहरा मोठा लावला, शूटिंगला तो हो म्हणाला होता म्हणून पोस्टरला पण हो असेलच असं मी धरून चालले. पोस्टर लागलं, आठवड्याभरात त्याला कामावरून बंद केलं. पोस्टर मी उतरवलं पण त्याचं काम गेलं ते गेलंच, ती गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. मागावर तर बऱ्याच जणांचं नाव कुठल्या रजिस्टरलाच नसतं, उद्या मालक येऊ नको म्हणाला तर दाद मागायला हातात कागद नाही. म्हणून छापायच्या आधी अख्खं पोस्टर त्या माणसाला दाखवा, घरच्यांना पण दाखवा, आणि तो नको म्हणाला तर दुसरा फोटो. हाताचा फोटो असेल तरी विचारा, घड्याळावरून, अंगठीवरून माणूस ओळखतात.

बॅकग्राउंडला एक सुचवते. मजुरीची बोलणी तुमच्याकडे 52 पिकाच्या हिशोबानं होतात, पिक म्हणजे एका इंचात किती आडवे धागे बसले ते. मग कोऱ्या कापडाचा एक इंच तुकडा स्कॅनरवर 1200 डीपीआयला स्कॅन करा आणि तो मोठा करून सगळ्या पोस्टरला मागे पसरा. धागा न् धागा दिसेल, मोजता येईल. ज्याची मजुरी त्या धाग्यांवर ठरते तो मोजेल सुद्धा.

आता अक्षरं. तुमचं फोटोशॉप काही वर्षांपूर्वीचं असेल तर त्याच्या प्रेफरन्समध्ये टाईप म्हणून भाग आहे, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट किंवा त्याहून जुन्या व्हर्जनला मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन असा पर्याय असतो, तो निवडून नवीन फाईल उघडा, जोडाक्षरं जागेवर येतील. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्ता किंवा बलू फुकट मिळतात. अक्षरांमधलं अंतर मात्र अजिबात वाढवू नका, इंग्रजीत ते छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींमध्ये जागा सोडा नाहीतर खालच्या ओळीचे रफार आणि मात्रा वरच्या उकारांना भिडतात. साईजचा अंदाज असा, दहा फुटांवरून वाचायला अक्षर साधारण एक इंच हवं, म्हणजे रस्त्यापलीकडून नाव वाचायला हवं असेल तर तीन इंच धरा.

पण खरं तर नाव मी फॉन्टमध्ये करणारच नाही. कोल्हापूर तुमच्या शेजारी, तिथे बाबूराव पेंटर शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. त्या भागात अजून दुकानाच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं हातानं रंगवणारे पेंटर आहेत. एकाला गाठा, फिल्मचं नाव कागदावर ब्रशनं लिहून घ्या, पैसे व्यवस्थित द्या, श्रेयनामावलीत त्याचं नाव घाला, आणि ते स्कॅन करून वापरा. त्या हाताचं वळण कॉम्प्युटरला येत नाही.

छपाईला फाईल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगात, चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कडा, आणि फाईल प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागावर कर्नाटकातली, यूपी-बिहारची माणसं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तेव्हा वेळ आणि ठिकाण मराठीबरोबर हिंदीत आणि कन्नडमध्ये पण टाका. लावायचं कुठे, तर पाळी बदलताना जिथे गर्दी असते त्या चहाच्या टपऱ्यांवर आधी, हॉलच्या दारावर नंतर.

आणि बाबांना या वेळी मोबाईलवर नका दाखवू. एक प्रिंट काढा, पूर्ण साईजची, आणि भिंतीला लावून ठेवा.